पहिला घास वेचणाऱ्याचा

मी, चौकातल्या खानावळीची मालकीण, वय झालेली पण डोके ठिकाणावर असलेली, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझ्या बुद्धीबद्दल ज्याला शंका असेल त्याने स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बोलावे.

१. वरच्या राहत्या खोल्या व बँकेतील शिल्लक माझ्या मुलास मिळावी. तो माझा लाडका आहे हेही इथे नोंदवते, कारण पुढचे कलम वाचून त्याला तसे वाटणार नाही.

२. खालची खानावळ, चूल, कढया, पोर्चिनी अळंबी वाळवायच्या जाळ्या आणि वाळलेल्या फोडींच्या बरण्या यांवर संपूर्ण हक्क माझ्या सुनेचा राहील. मुलाने वाटा मागू नये.

कारण देते, म्हणजे मागाहून कोणाला तर्क लढवावे लागणार नाहीत. आमच्याकडे पोर्चिनीचा पहिला घास वेचणाऱ्याचा. ज्याने आणली त्याने आधी खायची, मग गिऱ्हाइकाला वाढायची. सासूबाईंनी हा नियम मोडू दिला नाही, मीही नाही. गेल्या हंगामात मुलाने कोणा अनोळखी माणसाकडून स्वस्तात करंडीभर अळंबी आणली, लोण्या-कांद्यावर परतली आणि भातात घातली. सून पातेल्यावर झाकण ठेवून उभी राहिली.

"आधी तुम्ही एक घास खा."

"अगं, लोक ताटं घेऊन बसलेत. आणि मला अळंबी आवडत नाही, माहीत आहे ना तुला?"

"मग मी खाते."

तिने खाल्ला आणि तोंड वाकडे केले. पोर्चिनीसारखीच दिसणारी कडू अळंबी करंडीत मिसळलेली होती. पातेलेभर भात टाकून द्यावा लागला, लोक उपाशी परतले, आणि मुलगा बायकोवरच धुसफुसत बसला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याच्या हाती मी चूल देणार नाही.

३. सुनेला अटी. पोर्चिनी नळाखाली धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. वाळलेल्या फोडी ज्यात भिजवल्या ते पाणी गाळून भातातच घालायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने ते मोरीत ओतले तेव्हा मी आवाज चढवला होता. "मग आधी सांगायचं होतं," एवढेच ती म्हणाली. तेव्हाच ती मला आवडली. अळंबीची शंका आली तर मात्र पहिला घासही नव्हे, थेट उकिरडा.

४. धाकट्या जावेला माझी वाकडी सुरी. ती आपलीच आहे असे ती जन्मभर सांगत आली. तिची नाही. तरी घ्यावी आणि गप्प बसावे.

५. पोर्चिनी उगवते ती रानातली जागा. ती कागदावर लिहायची नसते, चालत नेऊन दाखवायची असते. सुनेला मी अजून दाखवलेली नाही. वाट चढाची आहे आणि हृदय थकल्यामुळे डॉक्टरांनी मला जिनाही बंद केला आहे. पण जागा माझ्याबरोबर गेली तर तिच्या हाती नुसत्या रिकाम्या कढया उरतील. म्हणून उद्या सकाळी मी तिला घेऊन जाणार, आणि म्हणूनच हे आज लिहिले. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. वाटेत मला काही झाले तर कोणी तिला दोष देऊ नये. जागेवर पोहोचल्यावर झाले, तर तिने मला झाडाला टेकवून बसवावे, आधी टोपली भरावी, मग माणसे बोलवावीत.

साक्षीदार:
माझे डॉक्टर. (बुद्धी शाबूत असल्याचे लिहून दिले. कलम पाच वाचून शब्द मागे घेऊ पाहत होते, घेऊ दिला नाही.)
समोरचा न्हावी.

सही: खानावळवाली
स्थळ: खानावळीचे स्वयंपाकघर
तारीख: आजचीच. पाऊस उघडला आहे, अळंबी वर आली असेल; उद्याचे जाणे पुढे ढकलता येणार नाही.