रेश्माच्या कॉम्प्युटरचा पंखा

उमरगा, मंगळवार, संध्याकाळ

जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरण्यात जन्म गेला. बेअरिंगची कुरकुर मला दारातूनच कळते. पण रेश्माच्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा! हळू केला की डबा तापतो, वाढवला की व्हिडिओ कॉलवर पोरीचं बोलणं बुडतं. आज धूळ काढून वेग बेताचा ठेवला. गार आणि गप्प.

पुण्याहून तिचा कॉल आला. "पप्पा, काय केलं तुम्ही? त्या घरघरीतच बारावी काढली मी. आता घर लई सुनं वाटायलंय."

"कान माझ्यावर गेलेत तुझे," म्हटलं. एवढी खटपट तिच्यासाठीच तर केली होती, मग तिला हवं तसंच होऊ दे. पंखा वाढवला. तिचं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही.

कॉल संपला, तरी पंखा तसाच ठेवलाय. आतल्या खोलीत ती अभ्यासाला बसलीय, असं वाटतंय.