सभापती आणि दहा गाद्या

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७

दीपमालाचं लग्न पक्कं. २ फेब्रुवारी, सकाळी अकरा, साखरखेर्ड्यात, आपल्या दारात. मंगल कार्यालय नाही. गेल्या वर्षीच्या व्याख्यानात मी हजार लोकांसमोर (बायकोच्या, रुख्मिणीच्या, मते दोनशे) जाहीर केलं होतं, की ज्या लग्नाला हॉल असेल तिथे जानराव पाऊल ठेवणार नाही. तेव्हापासून सात लग्नांना बाहेरूनच आशीर्वाद दिले. जेवण बाहेरच होतं, त्यामुळे तत्त्वाला धक्का लागला नाही.

वधूपित्याचं भाषण: ‘घर हेच सभागृह’. पंचेचाळीस मिनिटं. आज रिहर्सल केली. सभापती शेवटपर्यंत बसला. सभापती म्हणजे आमचा तांबडा बोका. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, गावोगाव भाषणं केली, पण शेवटपर्यंत न हलता ऐकणारा श्रोता हा एकच.

सकाळच्या शिंका अकरा. रोजच्याच. पुस्तकांची धूळ. वाचणाऱ्या माणसाला एवढं सोसावं लागतं.

८ जानेवारी, बुधवार

होणाऱ्या जावयाचा, प्रेमानंदचा, जळगाव जामोदहून फोन. त्याच्या आईला, चांगुणाबाईंना, मांजराची ॲलर्जी आहे. मांजराच्या घरात बसल्या की दम लागतो.

आजवर शंभरेक थोरांची चरित्रं वाचली. तुरुंगवास आहे, उपवास आहे, देशत्याग आहे. मांजराची ॲलर्जी एकालाही नाही. आणि पसंतीला दोन महिने झाल्यावर हे आज का सांगतात?

दुपारी उलगडा झाला. गावातलं एकमेव मंगल कार्यालय, बसस्टँडमागचं, उत्तमरावचं. उत्तमराव माझ्या वर्गातला. वक्तृत्वात कायम माझ्यामागे दुसरा. त्याच्या बहिणीचं सासर कुठे? जळगाव जामोद. आधी घरचं लग्न अशक्य करायचं, मग हॉल पुढे करायचा, मग जानरावला हॉलच्या दारात उभं करून मजा बघायची. मांजर हे निमित्त आहे.

रुख्मिणीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईले दम लागते, अन् तुमाले उत्तमराव दिसते."

ती भोळी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

दीपमाला रजेवर आली. नर्स असल्यामुळे तिला आजारावर विश्वास ठेवायची सवय आहे. तिने सांगितलं, प्रेमानंद चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. चांगुणाबाईंनी अंगणवाडीत काम करून त्याला वाढवलं. हार घालताना आई शेजारी नसेल, तर तो हार हातात घेणार नाही.

मी सुचवलं, त्यांना मंडपाबाहेर चांगली हाताची खुर्ची देऊ.

दीपमाला भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात त्या बाहेर बसणार नाहीत. या घरात त्यांना श्वास घेता येईल की नाही, एवढंच सांगा. नसेल तर मी आजच हॉल बघते."

म्हणालो, येईल. शब्द दिला.

उत्तमराव, डाव तुझा असेल, पण घर माझं आहे.

११ जानेवारी, शनिवार

सभापतीला लोणारला पोचवलं. माझा मेहुणा गुलाबराव तिथे असतो. टोपलीवर फडकं बांधून एसटीने नेलं. कंडक्टरने विचारलं, टोपलीत काय आहे. मी खरं बोलणारा माणूस. म्हणालो, सभापती. त्याने विचारलं, कोणत्या समितीचे. मेहकरपर्यंत सगळी बस माझ्याकडे बघत होती. काही जण आदराने.

गुलाबरावने लग्नानंतर परत आणून देण्याचं कबूल केलं. घर आता शंभर टक्के मांजरमुक्त.

१५ जानेवारी, बुधवार

दीपमालाने कामांची यादी दिली. घराला चुना. पडदे, चादरी गरम पाण्यात. गोधड्या उन्हात. पुस्तकं ओल्या फडक्याने पुसणे. शेवटी: मागच्या खोलीतला कापूस बाहेर काढणे, कारण सभापती वर्षभर त्यावर झोपत होता.

सगळं केलं. कापूस सोडून. तो कापूस नाही, ती भूमिका आहे. गेल्या हंगामात मी सभेत सांगितलं होतं, रास्त भाव मिळेपर्यंत एक बोंडसुद्धा विकायचं नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विकला. मी नाही. माझ्या अर्ध्या एकराचा कापूस मागच्या खोलीत आढ्यापर्यंत ताठ उभा आहे. तो आता बाहेर काढला तर गाव म्हणेल, जानराव वाकला. म्हणूनच हे कलम यादीत घुसवलं असणार. यादीचं अक्षर दीपमालाचं आहे, पण विचार कुणाचा?

१६ जानेवारी, गुरुवार

रात्रभर विचार करून तोड काढली. पाहुण्यांना गाद्या लागणारच. भाड्याच्या गाद्या उत्तमरावच्या हॉलमधूनच येतात. म्हणजे आपल्याच कापसाच्या गाद्या करायच्या. खोली रिकामी, दीपमालाची यादी पूर्ण, कापूस विकला नाही म्हणून भूमिका शाबूत. एका गादीत तिघांना उत्तर.

हे भाषणात घ्यावं. पंचेचाळीसची पन्नास मिनिटं होतील.

१८ जानेवारी, शनिवार

कापूस जिनिंगवर नेऊन सरकी काढून आणली. रुई वाहेदकडे टाकली. वाहेद आमचा जुना गादीवाला. त्याचे वडील धनुकलीने पिंजायचे, हा मशीनवर पिंजतो.

वाहेदने मूठभर रुई उचलली, उजेडात धरली, आणि म्हणाला, "गुरुजी, इसमें तुमच्या बोक्याचे केसंच केसं हायेत. रुईतली माती निघंल, हे नाही निघत. लग्नाची गादी हाय, नवी रुई घ्या."

नवी रुई कुणाकडे आहे? वाहेदकडे. मी हसलो. चाळीस वर्षांची ओळख, पण धंदा तो धंदा. हीच भरायची म्हणून सांगितलं.

त्याची बायको शकीला आतून म्हणाली, मी दुकानात आल्यापासून तिला शिंका येऊन राह्यल्या. मी म्हणालो, हवा बदलली आहे.  वाहेद एवढंच म्हणाला, की दीपमालाने विचारलं तर माझं नाव सांगू नका.

सांगायचं काय त्यात? गाद्या उत्तम होत आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी

चांगुणाबाई प्रेमानंदसोबत घर बघायला आल्या. खरं म्हणजे मी त्यांना बघायला बोलावलं होतं. एक शास्त्रीय परीक्षा घेतली. बैठकीत मांजराच्या फोटोचं कॅलेंडर लावलं. चांगलं मोठं, निळ्या डोळ्यांचं मांजर, आणि त्याच्या बरोबर समोर त्यांची खुर्ची.

चहा झाला, पोहे झाले. दीड तास बसल्या. एक शिंक नाही. उलट फोटोकडे बघून म्हणाल्या, "किती गोड हाये हो. मले मांजरं लई आवडतेत. पण जवळ घेता येत नाही."

ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याने निदान नाक तरी चोळायला हवं होतं. संशय संपला. ही ॲलर्जी तोंडी आहे.

जाताना त्या रुख्मिणीच्या गळ्यात पडून रडल्या. म्हणाल्या, माझ्यासाठी तुम्ही एवढं घर धुऊन काढलं, आजवर कोणी केलं नव्हतं. मला क्षणभर कसंतरी झालं. पोहे तिखट होते.

२७ जानेवारी, सोमवार

एक नोंद. गेले दोन आठवडे सकाळी शिंक नाही. एकही नाही. आवाज मोकळा. काल तर शेजारच्या गल्लीतून निरोप आला, गुरुजी जरा हळू. कारण उघड आहे: रोज कोमट पाणी आणि ध्येयाची स्पष्टता.

३१ जानेवारी, शुक्रवार

दहा गाद्या, बारा उशा आल्या. लाल कापड, पांढरी फुलं. दीपमालाने विचारलं, रुई कुठली. म्हणालो, वाहेदकडची. वाहेदकडूनच आली, यात खोटं काही नाही.

एका गादीवर स्वतः झोपून बघितलं. सकाळी शिंका चौदा. तीन जास्त. म्हणजे पुस्तकं नीट पुसली गेली नव्हती. रुख्मिणीला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, गादीकडे बघितलं, आणि म्हणाली, "काऊन हो, शिंका पुस्तकावर येते का गादीवर?"

ऐन लग्नात बायका असं काहीतरी बोलतात.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८

मंडप तयार. वऱ्हाड वाटेवर. भाषण खिशात, छप्पन्न मिनिटं. उत्तमरावलाही आमंत्रण दिलं आहे. त्याने पहिल्या रांगेत बसून ऐकावं.

तोच दिवस. दुपारी ४

क्रमाने लिहितो. मन शांत आहे.

साडेदहाला वऱ्हाड आलं. चांगुणाबाईंचा मान म्हणून मी स्वतः त्यांना बैठकीत नेलं आणि एकावर एक तीन गाद्या टाकून त्यांवर बसवलं. म्हणालो, माझ्या रानाचा कापूस आहे. बाकी वऱ्हाड मंडपात बसलं आणि मी माईक घेतला. त्रिशरण-पंचशीलाच्या आधी बोलायचं ठरवलं होतं, नंतर लोक जेवायला पळतात.

"मित्रहो, उंबरठ्याहून मोठं व्यासपीठ नाही," एवढं झालं. आठव्या मिनिटाला आतून खोकला. मी आवाज वाढवला. नवव्या मिनिटाला दीपमाला लग्नाच्या पांढऱ्या साडीत माझ्यासमोरून पळत गेली. माईक चालूच होता, त्यामुळे सगळ्या मंडपाला ऐकू आलं, ती सासूला विचारत होती, "पंप कुठे आहे? आई, पंप कुठे आहे?"

मी आत गेलो. चांगुणाबाई पुढे वाकून बसल्या होत्या. ओठ निळसर. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. प्रेमानंदने त्यांची पर्स गादीवर पालथी केली. दम्याचा पंप निघाला. दीपमालाने तो त्यांच्या तोंडाला लावला, पाठीवर हात ठेवला, आणि आकडे मोजत राहिली. मी कधी कुणाला इतकं मन लावून आकडे मोजताना बघितलं नव्हतं.

मी चुन्याचा वास आहे म्हणालो. मग अगरबत्तीचा. मग हवा बदलली म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

प्रेमानंदने आईला उचलून अंगणापलीकडे, रस्त्यावर नेलं. दीपमालाने गादीची शिवण उसवली. पांढऱ्या रुईत तांबडे केस. ते कुणाचे हे अख्खं गाव ओळखतं. वाहेद दारात उभा होता. तो जमिनीकडे बघत होता. त्याने माझं नाव सांगितलं नाही. मी त्याचं सांगितलं होतं.

रस्त्यावर पाऊण तासाने चांगुणाबाईंना बोलता आलं. मला जवळ बोलावलं. वाटलं, आता लग्न मोडलं. त्या थांबत थांबत म्हणाल्या, "भाऊ, गादी लई मऊ होती. पण मले आत नेऊ नका."

दीपमाला मोबाईल घेऊन आली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, "बाबा, उत्तमकाकांना फोन लावा. तुम्हीच लावा."

लावला. उत्तमराव मंडपातच पहिल्या रांगेत होता. तिथूनच उठून आला आणि चावी दिली. चावी खिशातच कशी होती? याचा पुढे शोध घ्यायचा.

अडीच वाजता हॉलमध्ये लग्न. मी पायऱ्यांवर थांबलो. पायऱ्या हॉलमध्ये धरत नाहीत. आत त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग एकदम शांतता.  रुख्मिणी बाहेर आली. दीपमालाने हार हातात घेतला नव्हता. रुख्मिणी म्हणाली, "ती म्हणते, प्रेमानंदची माय शेजारी हाये. माहा बाप कुठी हाये?"

आत गेलो. दोन पावलं. मग आणखी काही. चांगुणाबाईंनी सरकून जागा दिली.

डोळ्यांना पाणी आलं. उत्तमरावच्या हॉलमध्ये धूळ फार.

भाषण झालं नाही. कोणी विचारलंही नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

गाद्या गच्चीवर टाकल्या आहेत. वाहेदच्या घरी जाऊन आलो. चहा घेतला. गादीचा विषय त्याने काढला नाही, म्हणून मलाच काढावा लागला. फार काही बोललो नाही. एवढं कमी बोलायची सवय नाही, त्रास झाला.

गुलाबराव सभापतीला घेऊन आला. सभापती थेट गच्चीवर, तीन गाद्यांच्या थरावर. त्याच्यासमोर भाषण पहिल्यापासून केलं. छप्पन्न मिनिटांपैकी नवव्या मिनिटाला तो झोपला. पूर्वीही झोपतच असावा. मी डोळे मिटून बोलतो, त्यामुळे आजवर लक्षात आलं नव्हतं.

शिंका सतरा.

टेबलावर दीपमाला जाताना गोळ्यांची पट्टी ठेवून गेली आहे. सोबत चिठ्ठी: बाबा, सकाळी एक घ्या, पुस्तकांचा काही दोष नाही.

या गोळ्या जळगाव जामोदला राहणाऱ्या बाईने दिल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. तरी एक घेतली. अर्ध्या तासात शिंका थांबल्या. योगायोग.

पट्टीत नऊ उरल्या आहेत. रोज एक घेऊन तपासतो.