राजभवनातली ओटी

राणीसावरगावला आईच्या पाया पडून राजेश्रीचं सांगणं.

मी बरी हाय, दोन टाइम जेवायलेय. तुझा गुडघा कसा हाय?

इथले राज्यपाल बदलले. इंग्रजांनी बांधलेल्या ह्या राजभवनात आमचे हे खानसामा म्हणून लागले, तवापासून लय कुटुंबं आली अन् गेली. एका बाईसाहेबांच्या लेकीचं लग्न इथंच लागलं, दुसरीला नातू इथंच झाला. निघताना सगळ्यांची ओटी मीच भरली. रीत आपल्याकडची, पण ह्या बंगल्याचीच होऊन बसली.

ह्या बारीला पण नारळ, तांदूळ, खण घेऊन पोर्चात गेले. हे गेल्यावर आपण ओटी भरायची नसती, ते सवयीत ध्यानातच आलं न्हाई. बाईसाहेबांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं अन् पदर कारकुनाच्या बायकोपुढं पसरला. तिनं ताट माझ्याच हातातून घेतलं.

क्वार्टर आता नव्या खानसाम्याला द्यायचंय. वैनीला विचार, मागची खोली मोकळी हाय का. न्हाई म्हणली तर भांडू नको.

इतक्या जणींची ओटी भरून बोळवण केली, आई. मला नुसतं कुलूप लावून निघायचंय.

तुझीच,
राजेश्री