टाकी मी उचलली

९ एप्रिल
डाव्या मांडीला परत फोड आलाय. मोटारसायकलवर वाड्यावस्त्या हिंडून शेळ्यांना लस टोचायची म्हणजे दिवसभर तापलेलं इंजिन पायाला चिकटलेलं. त्यात माझी उंची. गुडघे टाकीच्या खाचेत बसतच न्हाईत, वर आपटतात. सासरी मला ‘सांडणी’, म्हणजे उंटीण, म्हणतात. म्हणा. बारा वर्षं म्हणतायत.

गॅरेजवर गेलते. शेषरावांना म्हन्लं, टाकीची मागची बाजू बोटभर उचला, खालून वारा लागंल, गुडघा बी बसंल. हसले. “ताई, साहेबांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो.”

साहेब शाळेत शिकवतात आणि शाळेला पायी जातात. गाडीला गिअर किती ते सुद्धा त्यांना ठाऊक न्हाई. गाडी घेतली त्यांच्या नावावर, चालवते मी.

१३ एप्रिल, रविवार
झालं! मीच केलं. सीट काढलं, दहा नंबरच्या पान्यानं मागचा बोल्ट सोडला. ऊसतोडीच्या गाडीचं फाटकं टायर गोठ्यामागं पडलं होतं, त्यातून दोन चकत्या कापल्या, मधोमध भोक पाडलं. बोल्ट लांब घातला. पेट्रोलची नळी ताणाय लागली, ती बी नवी टाकली.

यांनी दोन्ही हातांनी टाकी वर धरली. तेवढंच. “अगं आवर की, हात भरून आले,” असं तीनदा.

सासूबाई दारातून: “आता हेच ऱ्हायलं होतं.”

१५ एप्रिल
तांड्यावर जाऊन आले. मांडी गार. गुडघे बरोब्बर खाचेत. लसीच्या डब्यातला बर्फ वितळायच्या आत आजच्या वाट्याच्या सगळ्या शेळ्या झाल्या. आणि गाडी दिसती पण लई भारी. मान वर केल्यासारखी. आज स्वतःवरच खूष आहे, लिहून ठेवते, रोज रोज न्हाई होत.

१८ एप्रिल
एक खोट निघाली. घाट उतरताना गाडी बंद. रिझर्व्हला टाकली, तरी बंद. झाकण उघडलं तर आत पेट्रोल दिसतंय! डावीकडं आडवी केली, सगळे करतात तसं. उपयोग शून्य. डोकं धरून बसले. मग कळलं. टाकी मागून उचलली, नळी मागं, अन् पेट्रोल सगळं पुढं जाऊन बसलेलं. उतारावर तर जास्तच. गाडी उलटी फिरवली, तोंड चढाकडं. दोन किकमध्ये चालू.

म्हणजे या गाडीला आता रिझर्व्ह न्हाईच असं समजायचं. आधीच भरून निघायचं. माझं मला कळलं, बास.

२२ एप्रिल
भावजी, म्हणजे यांचे धाकटे, गाडी घेऊन बाजारात गेलते. आल्यावर जेवताना ऐट बघावी! चौकात पोरं विचारत होती म्हणे, टाकी कुठून करून घेतली बे. “म्हन्लं, कुठून कशाला, मीच केली घरी.”

माझ्यासमोर! मी ताटात भाकरी वाढतेय आणि माझ्यासमोर!

यांच्याकडं बघितलं. हे कांदा फोडत होते. ज्या हातांनी टाकी धरली त्याच हातांनी.

२३ एप्रिल
यांना विचारलं, गप का बसलात. म्हणाले, “जाऊ दे की. त्याचं लग्न जमायचंय. एवढ्यानं काय होतंय?”

बारा वर्षांत या घरात किती ‘एवढ्यानं’ झालं ते…

२८ एप्रिल
ठरलं. मला न विचारता ठरलं. पोरगीवाले चार तारखेला नारायणगडावर भेटणार, पोरगा स्वतःच्या गाडीवर गेला पाहिजे. म्हणजे गाडी आता भावजींची. “त्याच्या हाताला शोभती,” सासूबाई. मला पुढं कधीतरी स्कूटी.

तांड्याच्या वाटेला स्कूटी! दगड बघितलेत का कधी? पायी गेले तर पोचायच्या आत बर्फाचं पाणी होईल, लस वाया. मग काम जाईल. हेच हवंय वाटतं सगळ्यांना.

४ मे, रविवार
सकाळी भावजी निघाले, मागं मामा, सासूबाईंचे भाऊ. गाडीला हार. पेट्रोल रिझर्व्हवर आलेलं, मला माहीत होतं. म्हणाले, खाली तेलगावला भरतो. मी बोलले न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं. ज्यानं टाकी उचलली त्याला माहीत असणारच की.

तासाभरानं फोन. “वहिनी, गाडी चालंना. टाकीत पेट्रोल दिसतंय.”

“आडवी करून बघितली?”

“बघितली. घाटाच्या पायथ्याला आलोय, ऊन लई हाय, मामा वैतागलेत.” मग आवाज एकदम बारीक करून, “तुमीच सांगा आता.”

मामांनी फोन ओढून घेतला. “अगं, गाडी यानं बनवली अन् तुला कशाला विचारतोय?”

“टाकी मी उचललीय, मामा.”

पलीकडं ट्रक गेल्याचा आवाज तेवढा आला.

म्हन्लं, “गाडीचं तोंड चढाकडं करा. लगेच चालू होईल. पण पुढं न्हाई जायची, घराकडंच येईल. गडावर जायचं तर तेलगावपर्यंत ढकला.”

फोन ठेवला. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला लिहू. पण तिकडं ती पोरगी सुद्धा नटून बसली असंल, हे मागनं सुचलं. तिनं माझं काय वाकडं केलं होतं?

दुपारी गाडी आली. घराकडं. हार वाळलेला.

५ मे
पोरगीवाल्यांचा फोन न्हाई. सासूबाई भांड्यांशी: “घर बुडवलं.” हे बाहेर जाताना दारात थांबले. चप्पल घातली आणि गेले.

चावी खिळ्यावर न्हाई. सासूबाईंच्या कनवटीला आहे, चालताना वाजते.

उद्या सात वाजता बर्फ येणार. तांड्यावर चाळीस शेळ्या राहिल्यात. सकाळी चावी मागणार, सगळ्यांच्या देखत. देतील न देतील. दहा नंबरचा पाना मात्र माझ्या पिशवीत आहे. उचलली तशी टाकी उतरवता बी येती मला.