आजोबांची शास्त्रशुद्ध सोय

उइदा, रविवार

आदरणीय मामांना हुएफाचा गुडघे टेकून नमस्कार.

सकाळी नीट उठलात ना? मामी नीट उठल्या? मुलं, दुकान, मोटारसायकल, सगळे नीट उठले? माझी आई नीट उठली? आणि तिच्या कोंबड्या? (त्यांची चौकशी मुद्दाम वेगळी करते आहे.) फोन करायचा सोडून हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती देते आहे, कारण तुमचा फोन सध्या आईच उचलते आणि माझा आवाज ऐकला की "ती इथे नाही" असं स्वतःच सांगून ठेवून देते.

गुरुवारी ती टोपलीभर कोंबड्या घेऊन तुमच्याकडे कोटोनूला आली, तेव्हा तिने सांगितलंच असेल की मुलीने साप पाळले आणि आईला घराबाहेर काढलं. मामा, यात तथ्य कमी आणि राग जास्त आहे. साप मी पाळले नाहीत, ते आले. आणि आईला मी घराबाहेर काढलं नाही, फक्त स्वयंपाकघरात हलवलं.

आपल्याकडचा तो दोन-अडीच हातांचा, गरीब अजगर घरात आला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आत्या जमिनीला कपाळ टेकते, "आजोबा, बसा" म्हणते, आणि आजोबा बसतात. या वेळचे आजोबा मक्याच्या पिंपामागे बसले ते उठेचनात, आणि आईची पिल्लं एकेक करून दिसेनाशी झाली. अशा वेळी आजोबांनी पिल्लू खाल्लं असं म्हणायचं नसतं, आजोबा जेवले म्हणायचं. आईही तसंच म्हणायची, पण दात आवळून. मी नुकतीच प्राणिशास्त्राची पदवी घेऊन परतले होते, आपल्या घरातली पहिलीच पदवी. ती कोंबड्यांच्या अंड्यांच्या पैशांवर झाली हे आई रोज ऐकवते, आणि ते खरंही आहे. तेव्हा मी ठरवलं की शास्त्राने आता कोंबड्यांचं ऋण फेडायचं. एका घरात साप, मांजर आणि कोंबड्या सुखाने नांदू शकतात, फक्त प्रत्येकाला वेगळी जागा, बंद दार आणि आपापलं अन्न हवं.

जागेचं कसं केलं ते सांगते. अजगराला ऊब आणि शांतता लागते. घरात सगळ्यात उबदार खोली बाबांची, पत्र्याखालची. ती आजोबांना दिली, बाबांना ओसरी दिली. (बाबा "बरं" म्हणाले. लग्न झाल्यापासून ते काय म्हणतात हे तुम्ही जाणताच.) मांजराला अजगर दिसता कामा नये, म्हणून मिनूला आत्याच्या खोलीत ठेवलं. आत्या कडाडली, "आजोबांना कडी लावतेस? उद्या मलाही लावशील!" मी म्हटलं, आत्या, कडी त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे. ती म्हणाली, "तुरुंगवालेही हेच सांगतात."

राहिलं जेवण. पिल्लांऐवजी आजोबांना स्वच्छ, निरोगी उंदीर द्यायचे, म्हणजे ते घरीच वाढवायला हवेत, आणि मांजरापासून लांब. त्यांना मधली खोली दिली. मधल्या खोलीत आई झोपायची.

"जन्मभर मी या घरातले उंदीर हाकलले," आई म्हणाली, "आणि आता आमची शिकलेली पोर त्यांना गादी घालून देतेय!" (गादी नव्हती, लाकडाचा भुसा होता.) कोंबड्या उंदरांपासूनही दूर हव्यात, म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि कोंबड्या आहेत तिथे आई. मामा, योजना पूर्ण यशस्वी झाली. एकाही प्राण्याने दुसऱ्याला इजा केली नाही. फक्त माणसं एकमेकांना चावायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारच्या आफियावी काकूंच्या शिलाई मशीनखाली एक अजगर निघाला. एरवी त्या त्याला अजगरांच्या देवळात नेऊन सोडत्या, पण देऊळ लांब आणि ऊन कडक. त्यांनी त्याला सरळ माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्याकडे म्हणे सगळी सोय आहे बाई. ऊब, कडी, गरम जेवण. आमच्याकडे बिचाऱ्याचे हालच!" दारी आलेल्या आजोबांना परत कसं पाठवायचं? मी तोंड उघडेपर्यंत आत्याचं कपाळ जमिनीला टेकलेलंही होतं. मग पंक्चरवाल्याने एक आणला. ज्यांच्या छपरात वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने अजगर राहत होते, त्यांनाही अचानक त्याचे हाल दिसू लागले. देवळाचे म्हातारे पुजारी स्वतः पाहणी करून गेले. मला केवढा अभिमान वाटला! दुसऱ्या दिवशी त्यांनी "जरा खाण्याचे नखरे आहेत" अशा निरोपासह दोन पाठवले. शेवटी आपल्या वॉर्डाचे नगरसेवक आले (निवडणूक जवळ आहे). त्यांनी मला युवाशक्ती म्हटलं, माझ्यासोबत फोटो काढला, मोठ्या शेडचं आश्वासन दिलं, आणि जाताना स्वतःचाच फोटो छापलेल्या पिशवीतून बायकोला नको झालेला एक अजगर ठेवून गेले.

नवा पाहुणा आला की त्याला काही दिवस इतरांपासून वेगळा ठेवावा, असं शास्त्र सांगतं. खोल्या तर संपल्या होत्या. म्हणून बाबांची ट्रंक, कपड्यांची पेटी, आणि झाकणाचं जे काही सापडलं ते सगळं कामी आलं. गुरुवारी सकाळी आईने मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा अकासा शिजवायला मोठं पातेलं उघडलं. आत नगरसेवकांचे आजोबा होते.

मामा, ती किंचाळली असती तर मला एवढं लागलं नसतं. तिने हळूच झाकण ठेवलं, "बसा, आजोबा" म्हणाली, आणि कोंबड्या गोळा करायला लागली. मी दारात आडवी उभी राहिले. तेव्हा ती एवढंच बोलली, "या घरात सगळ्यांची व्यवस्था लागलीय, हुएफा. आता एक जागा मोकळी होईल, ती उंदरांना दे."

त्या दिवसापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. आत्याच्या अकासात गुठळ्या होतात. बाबा ओसरीवर ताट घेऊन बसतात आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहून "बरं" म्हणतात. प्रत्येक प्राण्याला किती हात जागा लागते ते मी मोजलं, आईला किती लागते ते मोजायचं राहून गेलं.

शेवटी उपाय आत्यानेच केला. तिने फाटकात उभं राहून गल्लीला आठवण करून दिली की अजगर ज्याच्या हाती सापडतो, त्यानेच स्वतःच्या हातांनी त्याला त्याच्या ठिकाणी पोचवायचं असतं. हे काम दुसऱ्यावर ढकलणाऱ्याच्या घरी आजोबा रागावून येतात, आणि मग पिंपामागे बसत नाहीत, अंथरुणात झोपतात. संध्याकाळपर्यंत सगळे आपापले आजोबा घेऊन गेले. पुजारीही आले, नखरेवाल्या दोघांना खांद्यावर घालून निघून गेले. उंदीर मिनूच्या हवाली केले. (यावर मला काही बोलायचं नाही.) बाबा खोलीत परतले. आता फक्त मूळचे आजोबा आहेत, पिंपामागे, कडीशिवाय.

तेव्हा आईची समजूत घाला आणि तिला घरी पाठवा. मामींना आणि मुलांना नमस्कार.

तुमची भाची,
हुएफा

ता. क. मी रडले हे आईला सांगू नका. सांगितलंत तर थोडंच सांगा.

ता. क. दुसरा. खरं काम पुढे आहे. मामा, कृपा करून आईच्या कोंबड्यांच्या टोपलीत, गवताखाली, हात घालू नका. मामींनाही घालू देऊ नका. गुरुवारी आई ओसरीवर बाबांशी भांडत होती, तेव्हा आत्याने पातेल्यातले आजोबा उचलून टोपलीच्या तळाशी निजवले. आईच्या हाती सापडले, की आईलाच त्यांना त्यांच्या ठिकाणी, म्हणजे इथे आमच्या घरी, घेऊन यावं लागेल. ती मुलीवर रुसेल, आजोबांवर रुसणार नाही. पण तुमच्या हाती सापडले तर तुम्हालाच यावं लागेल, आणि तुमच्या येण्याने आमचा काही फायदा नाही.

ता. क. तिसरा. अजगर आणि कोंबड्या एका टोपलीत, हे मी शिकलेल्या प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध आहे, आणि मी आत्याला तसं स्पष्ट बजावलं. मग आजोबांना आधी सगळ्यात जाड उंदीर खाऊ घातला आणि टोपली धरून उभी राहिले. असं जेवण झालं की अजगर आठवडाभर कुणाकडे बघतही नाही. तेव्हा आईला टोपली साफ करायला सांगा, मामा. आजच सांगा. पुढच्या गुरुवारनंतर शास्त्र माझ्या बाजूने नाही.