सोळा नोव्हेंबर आणि गुणवंतरावांचा ऑर्गन

आदरणीय धनराजभाऊजी यांना त्यांच्या एकुलत्या एका साळ्याचा, म्हणजे प्रणितचा, दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुम्ही तिकडे सिरोंच्याला खुशाल असाल असे धरून चालतो, कारण इकडे मी तसा नाही आणि घरात एकाने तरी असावे. धान कापून झाले का? तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत? (त्या तेलुगूत बोलतात तेव्हा मी नुसती मान हलवतो. मागच्या खेपेला त्याच भरात चार वेळा मासे वाढून घेतले आणि दोन दिवस पडून होतो. त्यांना सांगू नका.) साधनाताईला नमस्कार.

भाऊजी, प्रणितने गुणवंतरावांच्या निशाचे जुळत आलेले लग्न मोडले, अशी बातमी गोदावरीपर्यंत पोचली असेलच. साफ खोटे आहे. मी कोणाचे काही मोडले नाही. मी फक्त इतिहास वाचला.

त्याचे असे झाले. कॉलेज सोडल्यापासून (सरांशी वाद झाला होता, आणि चूक सरांची होती) मी माइक-भोंग्याचे काम करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा आमच्या गावची मंडईची जत्रा सोळा नोव्हेंबरला ठरली. नाटक रात्री, पण पाहुणे दुपारपासूनच मांडवात येऊन बसतात आणि कोणाची पोर कोणाच्या पोराला द्यायची ते तिथेच बघतात. तेवढा वेळ काहीतरी चालू ठेव, असे मंडळाचे देवरावकाका म्हणाले. मोबाईलवर रोज येते ना, आजच्या तारखेला संगीतात काय काय घडले, कोण गायक जन्मला, कोणाची रेकॉर्ड निघाली? मला वाटले, बाहेरच्यांचे जन्मदिवस आम्ही किती दिवस ऐकायचे? आपल्या गावात काय संगीत झाले नाही? म्हणून घरोघर हिंडून विचारले. अंजनाबाई म्हणाल्या, गडीमाणसे लुगडे नेसून बाईचे काम करत तेव्हा पहिली बाई म्हणून मी स्टेजवर गायले, ते मंडईच्या दिवशी. दसरूकाका म्हणाले, माझ्या बापाने मोहाच्या झाडावर गावातला पहिला भोंगा बांधला, तो मंडईच्या दिवशी. (त्यातून निघालेल्या पहिल्या आवाजाने पाटलाचे बैल सुटून पळाले, पण तो भाग त्यांनी वगळायला लावला.) आणि गुणवंतराव म्हणाले, अठ्ठ्याण्णव साली माझ्या ऑर्गनवरच्या नांदीला लोकांनी वन्समोअर देऊन देऊन नाटकाचा पडदाच उघडू दिला नाही, तेही मंडईच्या दिवशी. भाऊजी, माझ्या अंगावर काटा आला. सारा इतिहास एकाच तारखेला! मी लगेच फ्लेक्स छापून आणला: '१६ नोव्हेंबर, आपल्या गावच्या संगीतात', आणि गुणवंतरावांचा फोटो सर्वांत मोठा टाकला. का टाकला ते तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला काय सांगायचे. त्याच दुपारी सिंदेवाहीकडचे पाहुणे निशाला बघायला येणार होते. नोकरीवाला पोरगा. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा, पण नोकरीवाला.

सकाळी निशाने फ्लेक्स वाचला. बी.एड. करते ना ती, वाचलेच पाहिजे. मला म्हणाली, "मंडई काय दरसाली सोळालेच येते काय रे?" आता भाऊजी, दिवाळी सरकली की मंडई सरकते आणि शेजारच्या गावची आडवी आली की पंच ती आणखी सरकवतात, हे शेंबड्या पोरालाही कळते. मलाही कळले, पण ती बोलल्यावर. मात्र पाहुण्यांसाठी हिरवी साडी नेसून, गजरा माळून आलेल्या पोरीने मला चूक दाखवावी? माझे डोके फिरले. इतिहासात फाटे फोडू नको, असे म्हणून मी माइक सुरू केला.

अंजनाबाई झाल्या, भोंगा झाला, लोकांनी टाळ्या दिल्या. मग मी आवाज चढवून सांगितले की अठ्ठ्याण्णव सालच्या याच सोळा नोव्हेंबरला, याच मांडवात, गुणवंतरावांनी इतिहास घडवला. तोच पहिल्या रांगेतून नवरदेवाचा बाप उठला. म्हणाला, हे कसे? त्या दिवशी गुणवंतराव आमच्या गावच्या मंडईत वाजवत होते. माझा हा पोरगा त्याच दिवशी जन्मला, निरोप आला तेव्हा मी मांडवातच होतो. इथपर्यंत सगळे निभावले असते. तारीख चुकली एवढे म्हणून मी सुटलो असतो. पण तो गृहस्थ पुढे म्हणाला, "आणि वन्समोअर तं एकही नाई भेटला बा तुमाले."

गुणवंतराव उठले. तुमच्या गावाला कान असते तर भेटला असता, असे ते म्हणाले. मग पाहुण्यांपैकी एकाने ऑर्गनचा उद्धार केला आणि गुणवंतरावांनी नवरदेवाच्या बापाच्या मिशीचा. देवरावकाका मध्ये पडले, त्यांचे धोतर सुटले. पाहुणे चहा अर्धा टाकून गाडीत बसले. पोरगा तेवढा चिवडा संपवून गेला.

आता गुणवंतराव माझे तोंड बघत नाहीत. माझे बाबा म्हणतात, तू मुद्दाम केलेस. सारे गाव म्हणते, मुद्दाम केलेस. मी शपथ घेऊन घेऊन थकलो की चुकून झाले. तेच सांगायला निशाकडेही गेलो. ती अंगणात धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"लगन मोडलं त्याचा राग नाई मले," ती म्हणाली. "चुकून मोडलं त्याचा आहे. जाणूनबुजून मोडाले काय झालं होतं तुले?"

आणि सूप घेऊन घरात गेली. सांगा भाऊजी, अशा माणसांत कसे राहायचे? मी आता संगीत, मंडई आणि निशा तिन्हींवर पाणी सोडले आहे. कोणी नाव जरी काढले तरी डोके तापते.

आपला,
प्रणित

ता. क. येत्या रविवारी येऊन गुणवंतरावांकडे माझ्यासाठी निशाला मागणी घाला. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. त्यांच्या नांदीला शेवटपर्यंत जागा राहिलेला गावचा जावई म्हणून ते अजून तुमचे नाव घेतात.

आणखी ता. क. गुणवंतरावांना सांगायचे, पोरगा भोळा आहे, तारखेत चुकला, मनात काही नव्हते. निशाला सांगायचे, पोराने महिनाभर डोके चालवून, ठरवून मोडले. दोघांना एका वेळी चहाला बसू देऊ नका.

शेवटचे. ताईला यातले काही कळू नये, ती निशाशी रोज फोनवर बोलते. आणि बोलताना कोणाला काय सांगायचे यात तुमची उलटापालट झालीच, तर मला तेवढा मिस्ड कॉल द्या. तुम्ही ज्या बसने आलात त्याच बसने मी सिरोंच्याला निघतो, तुमच्या आईंना मासे करायला सांगून ठेवा.