सोवळ्याचा फूड प्रोसेसर

९ मे, शुक्रवार

घेतला! फूड प्रोसेसर घेतला. घेणार नव्हते, देवाशपथ. दुकानात पंख्याचा रेग्युलेटर आणायला गेले होते. पण समोरच मांडून ठेवलेला. कणीक मळतो, खोबरं किसतो, पुरण वाटतो, भाज्या चिरतो. भाज्या चिरतो म्हटल्यावर माझे पाय तिथेच थांबले. रेग्युलेटर राहिलाच.

कारण परवाचा वरदचा फोन. एकुलता एक मुलगा, पुण्याला असतो. म्हणे, "मम्मी, इस बार छुट्टी नहीं मिलेगी. आणि महालक्ष्म्या तुझ्याच्यानं एकटीनं होत नाहीत आता. मुखवटे घेऊन तूच इकडे ये. आगे से यहीं बिठाएंगे." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण अर्थ पूर्ण कळला. गौरींचे मुखवटे बॅगेत भरून! टॉवेलात गुंडाळून! सासऱ्यांच्या आजोबांपासून रायपुरात बसणाऱ्या महालक्ष्म्या विमानाच्या वरच्या कप्प्यात!

हे गेले तेव्हापासून वर्षातला तेवढाच दिवस उरलाय जेव्हा या घरात माणसं जेवतात. तोही पुण्याला गेला तर मी इथे कशाला आहे? सोळा भाज्या, पुरण, वडे, कढी, आंबील, फुलोरा. यंत्र असेल तर होईल एकटीनं. दाखवतेच त्याला.

दुकानदार म्हणाला, "आंटी, कंपनीवाले घर आके डेमो देंगे. फ्री." बरं.

१२ मे, सोमवार

डेमोवाली आली. नाव चित्रा. चाळिशीची असेल. कंपनीचा निळा टी-शर्ट, त्यावर ओढणी, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. मी आपली हिंदीत सुरू झाले, तर म्हणते, "काकू, मराठीतच बोला नं. आम्ही ब्राह्मणपाऱ्यातले." म्हणजे जुन्या रायपुरातल्या मराठी वस्तीतली! मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा घातली. तिने निमूट प्यायला.

"हे पाहा, झाकण असं बसवायचं, अन् खटका बसल्याशिवाय सुरूच नाही होत. बोट कापायची भीतीच नाही. काय करून दाखवू? लसणाची चटणी करू का?"

मी म्हटलं, करा. कोणीतरी माझ्या ओट्याशी उभं राहून बोलतंय यातच मी गुंग. गॅसच्या शेगडीची जागा कशी चुकली आहे इथपासून तिच्या मुलीच्या बारावीपर्यंत सगळं झालं. दोघींनी उभ्याउभ्याच चटणी-पोळी खाल्ली. ती गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

१३ मे, मंगळवार

घात झाला! लसूण! ज्या भांड्यात महालक्ष्म्यांचं पुरण वाटायचं त्यात लसणाची चटणी! आणि मी उभी राहून कौतुक करत होते!

लिंबू लावून धुतलं, बेसन लावून धुतलं. वास गेला असेल. पण वास गेला म्हणून काय झालं? लागला तो लागलाच.

२३ मे, शुक्रवार

दुसरा घेतला. तोच. अगदी तस्साच. हा सोवळ्याचा. जुन्या धुवट साडीच्या तुकड्यात बांधून वरच्या फळीवर ठेवणार. अंजनाबाई, आमची कामवाली, दोन्ही खोक्यांकडे बघून म्हणाली, "दू ठन मसीन आगे, त अब मोर का काम दाई?" दोन मशिनी आल्या, आता तिचं काय काम म्हणे. तिला काय सांगू, एक देवीचा आणि एक माझा म्हणून?

डेमोला पुन्हा चित्रा. दारातच म्हणाली, "काकू, हा त आहे नं तुमच्याजवळ!" मी लसणाची गोष्ट सांगितली. तोंडावर हात ठेवून हसली. "मंग पहिल्यांदा सांगायचं नं, काकू! माझ्या आजीनं त मले घराबाहेरच काढलं असतं." मग हातपाय धुऊन आली आणि डाळ वाटून दाखवली. नुसती डाळ, मीठही नाही. तिला न सांगता कळतं सगळं.

डेमोची गरज नव्हती, हे इथे लिहून ठेवते. खटका कसा बसतो ते मला पाठ आहे.

६ जून, शुक्रवार

दिवसभर कोणाशी बोलले नाही. पाणीवाल्याला "ठेवा" म्हटलं, तेवढंच.

१५ जून, रविवार

फोनवर बोट फिरवत बसते. कोथिंबिरीसाठी वेगळं यंत्र, आल्यासाठी वेगळं, अंडं सोलायला वेगळं. मी अंडं खात नाही, तरी पूर्ण व्हिडिओ पाहिला. त्या व्हिडिओंमधल्या बायकांच्या मागे नेहमी टेबलाशी कोणीतरी बसलेलं असतं. यंत्र बघते की ते टेबल बघते, माझं मलाच ठाऊक नाही.

२० जून, शुक्रवार

त्याच कंपनीचा एअर फ्रायर. हो, घेतला. बिनतेलाचा वडा महालक्ष्म्यांना चालणार नाही, मलाही आवडणार नाही. तरी घेतला. आता खरं लिहायचं तर ते यंत्र मला नकोच होतं. डेमो हवा होता.

२४ जून, मंगळवार

चित्रा आली. यंत्र खोक्यातून काढायच्या आधी माझ्याकडे बघत राहिली. "काकू, एवढं काहून घेऊन राहिल्या?" मी म्हटलं, हौस. बटाट्याच्या फोडी केल्या. कोरड्या, पण गप्पांबरोबर संपल्या.

जाताना म्हणाली, "काकू, आता कंपनीत फोन नका करू. काही लागलं तं सिधा मलेच करा." नंबर लिहून दिला. बरोबर आहे, कंपनीत फोन केला की दुसरीच कोणी येईल आणि हिचं कमिशन बुडेल. हुशार आहे बाई.

१३ जुलै, रविवार

बेल वाजली. चित्रा! "इकडूनच जाऊन राहिली होती, म्हटलं सर्व्हिसिंग करून घ्यावं. फ्री आहे." टी-शर्ट नव्हता, साडी होती. पात्यांवर बोट फिरवून पाहिलं, भांडी पुसली, झालं सर्व्हिसिंग. मग तेलीबांध्याला तळ्याकाठी फिरायला गेलो दोघी. मक्याचं कणीस खाल्लं. तिनं माझ्याकडून पुढच्या आठवड्याचं वचन घेतलं, आवळ्याच्या लोणच्याची कृती सांगायची म्हणून. कंपनीची सेवा इतकी चांगली असेल असं वाटलं नव्हतं!

२ ऑगस्ट, शनिवार

वरदला सांगितलं चित्राबद्दल. आनंदानं सांगितलं. तो म्हणाला, "मम्मी, वो सेल्सवाली है. तुझ्या घरात अजून काय खपेल ते बघायला येते. और तू उसको सहेली समझ रही है?"

मी म्हटलं, मला कळतं सगळं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. दोन यंत्रं ओट्यावर, एक फळीवर. खपलीच आहेत की! तो म्हणतो त्यात चूक काय? तिचं पोट आहे त्यावर. पण ती हसते ते? मी बोलताना मध्येच माझा पदर सारखा करते ते? तेही कंपनी शिकवते का?

रडू आलं. या वयात एका डेमोवालीपायी रडायचं!

१८ ऑगस्ट, सोमवार

सवाष्ण मिळत नाही. सोळा भाज्या एक वेळ होतील, पण महालक्ष्म्यांपुढे पाटावर बसून जेवायला एक सवाष्ण तरी हवी. दरवर्षीच्या दोघींपैकी शर्मिष्ठा मुलाकडे नागपूरला गेली. ज्ञानदाचा गुडघा. कॉलनीतल्या बाकीच्या मराठी घरांतल्या मुली त्या दिवशी ऑफिसात. वरदला कळलं तर म्हणेल, बघ, म्हटलं होतं ना.

मग सुचलं, आणि इतका वेळ कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. चित्रा! घरातलीच सवाष्ण!

फोन केला. म्हटलं, यंदा माझी सवाष्ण तुम्ही. मग म्हणाली, "येईन, काकू. मदतीले येईन." आवाज बारीक वाटला. रस्त्यावर असेल.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. उंबऱ्यापासून पावलं काढली. "कशाच्या पावलांनी?" विचारायला कोणी नव्हतं. मीच विचारलं, मीच "सोन्याच्या पावलांनी" म्हटलं.

१ सप्टेंबर, सोमवार

पुरण लोण्यासारखं झालंय! सोवळ्याचा फूड प्रोसेसर जिंकला. चित्रा भाज्या चिरतेय. बाकी उद्या लिहीन.

२ सप्टेंबर, मंगळवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सगळं झालं होतं. सोळा भाज्या, वडे, कढी, आंबील. चित्रा सकाळपासून राबली. दोघींनी मिळून फुलोरा टांगला, तिनं गाणंही म्हटलं आजीकडून शिकलेलं. पूजा मीच केली. दरवर्षी वरद करतो, यंदा म्हटलं, मी केली तर कोण अडवणार? नैवेद्य दाखवला. पाट मांडला, रांगोळी काढली, पान वाढलं आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन चित्राला म्हटलं, बसा.

ती बसेना. भिंतीशी उभी. मी पुन्हा म्हटलं, बसा, वरण निवतंय.

"काकू, मी नाही बसू शकत. आमचे हे नाहीत. कोरोनात गेले." आणि मंगळसूत्राला हात लावून, "हे कामापुरतं घालते. एकटी बाई लोकांच्या घरात जाते तं घातलेलं बरं राहते. मले वाटलं, मदत करीन अन् तुम्ही पान वाढायच्या पहिलेच निघून जाईन. पण निघवलं नाही."

मला राग आला. खूप आला. महालक्ष्म्यांसमोर! माझ्या घरात! इतके दिवस! हातातला करंडा खाली ठेवला आणि म्हटलं, "ठीक आहे. तुम्ही आत बसा. मागून वाढते तुम्हाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नको, काकू. पोट्टी वाट पाहून राहिली." पिशवी उचलली. देवीला लांबूनच नमस्कार केला. गेली.

मग समोरच्या फ्लॅटमधल्या अपर्णाला बोलावलं. ती डाएटवर. अर्धी पुरणपोळी तूप न घेता खाल्ली, मुखवट्यांचा फोटो काढला आणि "सो ब्यूटिफुल, आंटी" म्हणाली. झाली सवाष्ण.

मी एकटी जेवले. मागून.

४ सप्टेंबर, गुरुवार

हे गेले त्या वर्षी, याच घरात, जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही मागून बसा." पुरण मी वाटलं होतं, वडे मी तळले होते. मी आत जाऊन फ्रिजला टेकून उभी राहिले होते आणि ठरवलं होतं की हे वाक्य आपल्या तोंडून कधी निघायचं नाही. निघालं ना! एक शब्द इकडचा तिकडे न होता निघालं.

आणि पूजा? पूजा मी केली. मी, विधवा बाईनं! स्वतःपुरता नियम मोडताना काही आठवलं नाही. तिच्यासाठी मात्र सगळं सोवळं आठवलं.

चित्राला फोन केला. उचलत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

वरदचा फोन. फोटो पाहिले म्हणे. "मम्मी, तूने तो कमाल कर दिया. अकेले! ठीक आहे, राहू दे महालक्ष्म्या रायपूरलाच. पुढच्या वर्षी मीच सुट्टी काढून येतो."

जिंकले. ज्यासाठी तीन यंत्रं घेतली ते मिळालं. "एकटीनं नाही केलं रे," म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

सकाळपासून चार वेळा तिला फोन लावला. वाजून बंद होतो. सेल्सवालीच असेल, वरद म्हणतो तशी. असेल तर असू दे. नोकरी म्हणून तरी एकदा येऊ दे. समोर बसवून जेवू घालीन.

८ सप्टेंबर, सोमवार

शेवटी कंपनीत फोन केला. मशीन बिघडलंय म्हटलं, चित्रा मॅडमनाच पाठवा. तिकडचा माणूस म्हणाला, "चित्रा? वो तो जुलाई की शुरुआत में ही नौकरी छोड़ गईं, मैडम. किसी और को भेजूं?"

नको म्हटलं.

जुलैच्या सुरुवातीला. म्हणजे त्यानंतर ती जितक्या वेळा आली, ती नुसती माझ्याकडे आली होती.